पाठीवरची कोरडी जागा

मु. पिपरटोला, ता. चामोर्शी
दि. ९ एप्रिल २०२४

चि. सौ. सीताबाई हिस लटारूभाऊचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, मागच्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मला काहीच ऐकू आले नाही. नात दिव्यानीने फोन कानाला लावून दिला, तू काहीतरी बोलत होतीस आणि मी हो हो म्हणत होतो. नंतर नात म्हणाली की सीताआजीने विचारले, भाऊ आहेत की गेले, आणि तुम्ही हो म्हणाले. असे आहे. कानातले यंत्र घामाने शिट्टी मारते म्हणून काढून डब्यात ठेवले. यापुढे तू पत्रच लिही. पोस्टमन आठवड्यातून एकदा तरी येतोच.

इकडे ऊन फार आहे. सकाळी चहा झाला की अंगणात पाय ठेववत नाही. कुलर आहे पण लाइन राहत नाही. लाइन असली की मला वायर ओली होऊन शॉक लागायची भीती वाटते, म्हणून मी तो बंद करतो. तुझी वहिनी सुगंधा उठून चालू करते. मी पुन्हा बंद करतो. दुपार अशी जाते. पोरगा नानाजी आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेले आहेत, ते मे संपताना येतील. तिकडे तर याहून जास्त ऊन आहे म्हणतात. त्यांचीही काळजी आहे.

तुझ्या वहिनीला यंदा घामोळ्या फार झाल्या. मान, छाती, पाठ, सगळीकडे मोहरी सांडल्यासारखे. तिचा हात पाठीला पुरत नाही, म्हणून ते काम लग्न झाल्यापासून माझे. जेवणे झाली की ती सपरीत, दारापुढच्या छपराखाली, खांबाकडे तोंड करून बसते, मी मागे बसतो. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी आधी लावतो, मग वारुळाची माती कालवून लेप देतो. मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. ती लावली तेव्हा बरे वाटले, नंतर कातडीच लाल झाली. उकिरड्यावर फेकली.

आता खरी गोष्ट सांगतो, तू हसू नको. माझ्या लेपाला गुण आला आहे. तिच्या उजव्या खांद्याखाली तळहाताएवढी जागा आहे, तिथे एकही घामोळी नाही. सगळी पाठ भरली आणि तेवढीच जागा साफ. थोडी फिकट दिसते, पण अगदी कोरडी, घामसुद्धा येत नाही. तिथे माती जाड बसत असणार. म्हणून आता सगळ्या पाठीवर तसाच जाड थर देतो. शेजारची उर्वशीबाई बघून गेली आणि तिनेही माती नेली. आयुष्यात कोणी मला काही विचारायला आले नव्हते, आता येतात.

दिव्यानीला आलापल्लीचे एक स्थळ सांगून आले आहे. मुलगा लाकूड डेपोत कामाला आहे. माणसे चांगली आहेत असे ऐकतो, पण चांगली माणसे फार चौकश्या करतात, त्याची धास्ती आहे. तेंदूपत्ता मोजून घ्यायची फळी लागेल तेव्हा सुगंधा जाणार म्हणते. मी नको म्हणतो. गेल्या वर्षी तिने बांधलेले पानांचे पुडे सुटून जायचे आणि मोजणारा मुनशी सगळ्यांसमोर ओरडायचा. करंगळीत जोर राहिला नाही म्हणते. वय झाले, दुसरे काय.

श्रावणभाऊंच्या गुडघ्याचे लिही. आमच्यावर माया आहे ती कमी करू नको.

तुझा भाऊ,
लटारू


मु. जिवती
दि. २१ एप्रिल २०२४

तीर्थरूप भाऊ यांस सीताचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही आहात हे लेखी आले, आता कोणी काही म्हटले तर दाखवायला झाले. यांचा गुडघा आहे तसाच आहे. डोंगरावर राहून गुडघ्याची तक्रार करणाऱ्याला कोण काय सांगणार. पाण्याचा टँकर येतो त्या दिवशी मात्र बरोबर धावतात.

भाऊ, तुमचे पत्र मी जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. कुलरचे वाचले तेव्हा सगळे हसले. आमची सून ज्योत्स्ना इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिने घामोळ्यांचे सांगितले ते आधी लिहिते. मातीचा जाड लेप देऊ नका. घामाची तोंडे बुजतात आणि घामोळ्या वाढतात. सकाळ-संध्याकाळ साध्या गार पाण्याने आंघोळ घालायची, दगडाने घासायचे नाही, पुसताना टिपून घ्यायचे. जुने मऊ सुती लुगडे आणि सैल पोलके घालायचे. कॅलामाइन म्हणून गुलाबी औषध मिळते, ते पातळ लावायचे. तेल नको आणि ती ट्यूब तर पुन्हा आणूच नका. आंबील, ताक, पाणी पीत राहायचे. एखाद्या फोडात पू झाला किंवा ताप आला तर दवाखान्यात जायचे. आणि कुलर चालू ठेवायचा, हे मी माझ्या मनाचे लिहिते.

आता पुढचे वहिनीला वाचून दाखवू नका. तुम्ही मनात वाचता तेव्हाही आवाज निघतो, म्हणून बाहेर जाऊन वाचा.

तुमच्या लेपाला गुण आला ते मी वाचले तेव्हा आमचा पोरगा कुलदीप हसला. ज्योत्स्ना हसली नाही. तिचा घास हातातच राहिला. ते पुन्हा वाचा म्हणाली. फिकट जागा, कोरडी, घाम येत नाही, घामोळी येत नाही, असे मी पुन्हा वाचले. तिने विचारले की मामीजींना तिथे खाज येते का, आणि करंगळीचे कधीपासून आहे. मला काय माहीत. ती म्हणाली की सगळ्या पाठीला घाम आणि तेवढ्याच जागेला नाही, हा लेपाचा गुण नसतो. तुम्ही एक करून बघा. वहिनीला डोळे मिटायला सांगा, कोंबडीचे पीस घ्या आणि पाठीवर कुठे कुठे टेकवा. त्या जागेवर तिला कळते की नाही ते बघा.

न कळले तर ते कुष्ठ असू शकते, भाऊ. शब्द वाचून घाबरू नका. गोळ्यांनी पूर्ण बरे होते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण ज्योत्स्ना म्हणते की नसा आपल्यासाठी थांबत नाहीत, उशीर केला की सुकतात. करंगळीचे ऐकल्यापासून तिला जास्त काळजी वाटते.

मी तर म्हणते तसे काहीच नसेल. बघा आणि लगेच लिहा.

तुमचा धाक आणि जीव दोन्ही आमच्यावर असू द्या.

तुमची बहीण,
सीता


पिपरटोला
दि. ७ मे २०२४

चि. सौ. सीताबाईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र बोडीच्या पाळीवर, पाण्याकाठी जाऊन वाचले. तिथे म्हशींशिवाय कोणी नव्हते. दोनदा वाचले आणि पहिल्यांदा तुझा राग आला, की एवढ्या लांबून, न बघता, काहीही लिहून पाठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीसारखी पाठ करून बसली. मी माती भिजवली नव्हती. खुराड्यातून पीस आणून ठेवले होते. डोळे मीट आणि मी कुठे हात लावतो ते सांग, असे तिला म्हटले. ती म्हणाली, म्हातारपणी हे काय पोट्ट्यावानी करून राह्यले. पण मिटले. मानेवर पीस टेकवले तर हसली आणि मान म्हणाली. डाव्या खांद्यावर टेकवले, कमरेवर टेकवले, कण्यावरून खाली आणले. सगळे बरोबर सांगितले. सीता, ती हसत होती. अंग चोरून, तोंडावर पदर धरून. किती वर्षांनी तिला तसे हसताना पाहिले.

मग मी त्या जागेवर पीस ठेवले. फिरवले. पुन्हा फिरवले. पिसाची दांडी उलटी करून टोचली. ती तशीच डोळे मिटून बसली होती, हसायच्या तयारीत. आणि म्हणाली, थांबले काऊन?

मी थांबलो नव्हतो.

पीस वाऱ्याने उडाले असे तिला सांगितले. वारा कुठे होता, पान हलत नव्हते. नंतर ती भांडी घासत असताना मी जवळ जाऊन हाताकडे बघितले. उजव्या कोपराखाली तसाच एक फिकट डाग आहे. तो मी आजवर पाहिला नव्हता. माझे लक्ष पाठीकडेच. कोपर कशाला लागले की बोटांत झिणझिण्या येतात असे ती दोन हिवाळ्यांपासून म्हणायची. मी तिला एरंडाचे पान बांधून दिले होते.

तिला काही सांगितलेले नाही. तिला वाटते की लेपाचाच गुण आहे. फळीवर बायकांना ती माझे कौतुक सांगते. पुडे अजून सुटतात.

आता माझे ऐक आणि चिडू नको. आलापल्लीची माणसे जूनमध्ये घर बघायला येणार आहेत. नानाजी आणि सून तोवर परत येतील. एवढे होऊन जाऊ दे. दवाखान्यात नेले की गाडीतला बघतो, रांगेतला बघतो, दवाखान्याची आशाबाई घरी चौकशीला येते. गावाला कळायला वेळ लागत नाही. फुलाकाकू तुला आठवते का? तू लहान होतीस. तिला वाडीच्या टोकाला झोपडी घालून दिली होती आणि पळसाच्या पानावर भात ठेवून हाक मारून मागे फिरायचे. ती मेली तेव्हा झोपडीसकट जाळली. तिची मुलगी कोणी सून करून घेतली नाही. ती म्हातारी होऊन भावाच्या दारात मेली. दिव्यानीकडे बघतो तेव्हा मला ती दिसते.

महिन्याचा प्रश्न आहे. घामोळ्यांसाठी तू सांगितले ते सगळे करतो. माती बंद केली. सुगंधा विचारते की माती का बंद केली, गुण येत होता ना. काय सांगू?

ज्योत्स्नाला सांग की बाहेर बोलू नको. तुझा लोभ आहे म्हणूनच एवढे लिहिले.

लटारू


मु. जिवती
दि. १६ मे २०२४

ती. भाऊ यांस सीताचा नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र वाचून मी चुलीसमोर बसून राहिले. भाकर जळली.

फुलाकाकूच्या वेळी गोळी नव्हती, भाऊ. एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे. आज गोळी सुरू केली की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होत नाही. घरात राहायचे, एका ताटात जेवायचे, नातवंडे मांडीवर घ्यायची. हे ज्योत्स्ना रोज लोकांना सांगते आणि लोक तिच्या तोंडावर हो म्हणून घरी जाऊन पुन्हा ताट वेगळे करतात. तुम्ही त्यातले होऊ नका.

डाग जाईल, वहिनी बरी होईल. पण बोटांची नस सुकली तर ती कोणी हिरवी करून देत नाही. करंगळी वाकायला लागली का? तिला टेबलावर तळहात सपाट ठेवायला सांगा. टेबल नसेल तर पाटावर. ज्योत्स्ना म्हणते की आता बोटे उघडत असतील तर आताच जायचे, पाहुणे आल्यावर नाही.

तुम्ही दिव्यानीचे लग्न म्हणता. तिच्या लग्नात तांदूळ टाकायला आजीचा हात नको का? आणि वहिनीला न विचारता तिच्या हाताचे तुम्ही ठरवता, हे मला बरे वाटले नाही. पाठ तुमच्याकडे केली म्हणजे सगळे तुमच्या हवाली केले असे नाही.

जास्त लिहिले असेल तर धाकटी म्हणून पोटात घाला. पण जा.

सीता


पिपरटोला
दि. ११ जून २०२४

चि. सौ. सीताबाईस आशीर्वाद.

तुला उशिरा लिहितो. पाहुणे परवा येऊन गेले.

नानाजी आणि सून परत आल्यापासून घरात धावपळ होती. मी नानाजीला काही सांगितले नाही. तो आधीच मिरचीच्या झोंबण्याने हैराण, दोन्ही हात सालटे निघालेले. तुझ्या वहिनीला मी पाहुण्यांसमोर पूर्ण बाह्यांचे पोलके घालायला लावले. त्या उकाड्यात जाड टेरिकॉटचे. ती म्हणाली, जीव घेता का. मी म्हटले की शहराकडची माणसे आहेत, चांगले दिसते. दोन तासांत गळ्यापासून कमरेपर्यंत घामोळ्या उठल्या. ती पाहुण्यांसमोर खाजवायला लाजत होती, सारखी आत जाऊन दाराच्या चौकटीला पाठ घासून यायची.

मुलाची आई नंदिनीबाई म्हणून आहे, बोलकी बाई आहे. ती आपणहून स्वयंपाकघरात येऊन बसली, मी दाराशी होतो. सुगंधाने चुलीवरचा वरणाचा गंज, ते मोठे पातेले, उतरवला. डाव्या हाताला फडके होते. उजव्या हाताला नव्हते. उकळता गंज, काठ धरून, सावकाश खाली ठेवला. जसा कोणी गार पाण्याचा ठेवतो. नंदिनीबाई बघतच राहिली. म्हणाली, बाई, तुमचा हात आहे का लोखंड! आमच्या सुनांना दाखवले पाहिजे. सगळे हसले. सुगंधाला बरे वाटले, तीही हसली. मला जे ऐकू येत नाही ते त्या वेळी बरोबर ऐकू आले. आणि सगळ्यांत जास्त मी हसलो.

पाहुणे गेल्यावर तिच्या हाताच्या कडेला, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला, मोठे फोड आले. ती हाताकडे बघत बसली, जसे दुसऱ्या कोणाचे हात कोणी बघते. मला विचारले, मले काऊन समजलं नाई? मी म्हटले, काम करून हात निबर झाला.  दिव्यानीने फोडांवर हळद लावली.

तू पाटाचे लिहिले होतेस. ठेवून बघितले. करंगळी पाटाला टेकत नाही. शेजारचे बोट टेकते, पण दाबून.

पाहुण्यांनी विचार करून कळवतो म्हटले आहे. ते कळेपर्यंत थांबतो. आता थोडेच राहिले. मला झोप लागत नाही. तूही मला सोडू नको.

लटारू


मु. जिवती
दि. १८ जून २०२४

ती. भाऊ,

नमस्कार नंतर करीन. मी पुढच्या शुक्रवारच्या गाडीने येते. वहिनीला सांगून ठेवा की सीता तुला दवाखान्यात न्यायला येते. काय आहे ते तुम्ही सांगत नसाल तर मी तिच्यासमोर बसून सांगीन. तुम्हीही बरोबर यायचे. घरातल्या सगळ्यांना तपासतात.

सीता


पिपरटोला
दि. २० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सीताबाईस लटारूभाऊचे अनेक आशीर्वाद.

तुझे दसऱ्याचे पत्र मिळाले. तू विचारलेस की वहिनी फोनवर सगळ्यांचे सांगते, भाऊचे काही सांगत नाही, भांडण झाले का. भांडण झाले असते तर बरे होते.

आधी तब्येतीचे सांगतो. गोळ्यांचे पाकीट दर महिन्याला आशाबाई आणून देते. गोळ्यांनी अंग काळवंडले आहे, लघवी लाल होते, पण ते तसेच होते असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. नसेच्या सुजेच्या वेगळ्या गोळ्या संपल्या. आम्हा सगळ्यांना एक-एक गोळी दिली होती, कोणात काही निघाले नाही. शेजारचे बोट आता पुष्कळ सरळ होते. करंगळी झाली नाही. होईल असे वाटत नाही. दिव्यानी रोज सकाळी तिचा हात कोमट पाण्यात बुडवून ठेवते, तेल लावते, एक-एक बोट उघडते, आणि मग चामोर्शीला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. सुगंधा विळा धरू शकत नाही. धान यंदा चांगले आहे, कापणीला बायका लावाव्या लागतील. ती बांधावर बसून बघते.

आलापल्लीचे तुला माहीत नसेल. सुगंधाने स्वतः नंदिनीबाईला फोन करून सांगितले. मला नाही विचारले. म्हणाली, बाई, माझा हात लोखंड नाई, मले हा रोग आहे, गोळी चालू आहे, आता तुमचं तुम्ही पाहा. नंदिनीबाई पुष्कळ गोड बोलली. त्यानंतर निरोप नाही. गावालाही तिनेच सांगितले, हातपंपावर, बादली भरता भरता. उर्वशीबाई आता येत नाही, बाकीच्या येतात. दिव्यानी म्हणाली की मला विचारले असते तर मी तेव्हाच आजीला घेऊन गेले असते. ती मला आबा म्हणून हाक मारते, जेवायला वाढते. त्यापुढे बोलत नाही.

आता तू विचारले ते. तुला मी आजपर्यंत सांगितले नव्हते. त्या दिवशी दवाखान्यात तू केसपेपर काढायला रांगेत गेली होतीस. डॉक्टर सुगंधाच्या कोपराची नस दाबून बघत होते. ती स्टुलावर होती, मी बाजूला उभा. डॉक्टरांनी मला विचारले की ही जागा पहिल्यांदा तुमच्या लक्षात कधी आली. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारले, म्हणून मला वाटले की आपणही कानातच बोलतो आहोत. मी हळूच सांगितले की मे महिन्यात, पीस फिरवून बघितले तेव्हा, पण नातीचे स्थळ होते म्हणून थांबलो.

हळूच असे मला वाटले. बहिऱ्याला आपला आवाज कुठे कळतो? दाराबाहेरच्या रांगेतली माणसे वळून बघायला लागली तेव्हा समजले. डॉक्टर काही रागावले नाहीत. फक्त म्हणाले की तेव्हा आणले असते तर करंगळी वाचेल असे सांगता आले असते. हे मात्र त्यांनी खरोखर हळू म्हटले, मी ओठांवरून ओळखले. सुगंधाला कानांनी ऐकू आले असणार.

तिने माझ्याकडे बघितले नाही. तू आलीस तेव्हा ती तुझ्याशी नीट बोलली, आठवते का, गाडीत तुला पेरू कापून दिला. डाव्या हाताने.

तेव्हापासून ती मला सगळे देते. चहा, पाणी, कानाचे यंत्र पुसून. एकदाच बोलली. धानाची रोवणी चालू होती, ती घरीच होती, मी सपरीत बसलो होतो. म्हणाली, मी डोळे मिटून बसली होती, तुमच्या भरोशावर. बस, तेवढेच.

आता ऊन पुन्हा तापले आहे. पाऊस गेला, थंडी नाही, अंगाला चिकचिक. तिच्या पाठीवर घामोळ्या उठल्या आहेत, त्या जागेभोवती सगळीकडे. गुलाबी औषधाची बाटली मी आणून कोनाड्यात ठेवली, ती तिने बघितली. दुपारी दिव्यानी नसते, नानाजी आणि सून शेतात. खाज सुटली की ती सपरीत येते, खांबाला पाठ लावते आणि गाय घासते तशी वर-खाली घासते. मी तिथेच खाटेवर बसलेला असतो, हात मोकळे. मी उठलो तर ती आत जाते. म्हणून आता उठत नाही.

भाऊबीजेला तू येते आहेस, ते तिनेच ठरवले, मला बरे वाटले. ज्योत्स्नाला सुट्टी मिळाली तर आण, सुगंधाला ती हवी आहे. गाडीत खिडकीशी बसू नको, ऊन लागते. श्रावणभाऊंना गुडघ्याला पट्टा बांधून आण.

आणि एक सांगायचे आहे. तू तिच्याजवळ बसशील, ती तुला पाठ दाखवील, औषध लाव म्हणेल. तू लावू नको. हात दुखतो म्हण, काही पण म्हण. तिला खाजू दे थोडे. दुसरे कोणी नसले तर मला हाक मारेल.

तुमचा सगळ्यांचा जीव आमच्यात गुंतलेला राहू दे.

तुझा भाऊ,
लटारू